व्हॉल्यूमचं बटण ऐकत नसेल तर: ब्लूटूथ स्पीकर, फोन आणि अ‍ॅपसाठी सविस्तर मार्गदर्शक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात घरात बसून काही ऐकायचं म्हणजे आधी पत्र्यावरच्या पावसाशी सामना. संध्याकाळी फोनवर हरिपाठ लावला, ब्लूटूथ स्पीकर जोडला, सर आली की हात आपोआप व्हॉल्यूमच्या बटणाकडं जातो. फोनवरची पट्टी शेवटाला टेकते आणि स्पीकर तरीही पुटपुटतच राहतो. दुसऱ्या घरात याच्या उलट: पहिल्याच दाबाला आवाज अंगावर येतो, त्याखाली थेट शांतता. तिसऱ्याकडं बटण खाली दाबलं की पट्टी एक पायरी उतरते आणि लगेच परत वर चढते. घरातली म्हातारी माणसं मग म्हणतात, "बटण गेलंय, टाक दुरुस्तीला."

बटण बहुतेक वेळा धडधाकट असतं. एकाच आवाजावर दोन-तीन ठिकाणांहून ताबा चालतो आणि त्यांचं आपसात जमत नाही, हे खरं दुखणं. म्हणून खालची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: या जोडणीत आवाजाचा मालक कोण ते ठरवायचं आणि प्रत्येक बटण त्याच एका मालकाकडं वळवायचं. पहिला भाग सप्ताहात, मंडळात किंवा घरात स्पीकर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. दुसरा भाग स्वतः ऑडिओचं अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे. प्रोजेक्टसाठी असली अ‍ॅपं लिहिणारी मुलं आपल्या गल्लीतही सापडतात.

आवाज कुठंकुठं कमी-जास्त होतो

गाणं फोनमधून निघून कानापर्यंत येताना त्याचा आवाज साधारण तीन ठिकाणी बदलू शकतो. पहिलं ठिकाण अ‍ॅपची स्वतःची पट्टी, दुसरं फोनचा मीडिया व्हॉल्यूम (गाण्या-व्हिडिओचा आवाज), तिसरं स्पीकरमधला अ‍ॅम्प्लिफायर. माळ्यावरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असला तर मोरीतला नळ कितीही फिरवा, धार मोठी होत नाही. इथं तसंच होतं.

ब्लूटूथमध्ये गाणं एका वाटेनं जातं आणि बटणांचे हुकूम दुसऱ्या वाटेनं. गाण्याच्या वाटेला एटूडीपी म्हणतात, हुकुमांच्या वाटेला एव्हीआरसीपी. जुन्या पद्धतीत या दुसऱ्या वाटेवरून फक्त 'वाढव' आणि 'कमी कर' एवढंच सांगता यायचं. आवाज आत्ता नेमका किती आहे हे समोरच्याला कळायचं नाही. २००८ मध्ये आलेल्या एव्हीआरसीपी १.४ नं अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम आणला. त्यात ० ते १२७ मधला एक आकडा थेट पाठवला जातो. फोन स्पीकरला सांगतो, 'तू ६४ वर जा.' स्पीकरचं बटण दाबलं तर तो फोनला कळवतो, 'मी आता ७६ वर आहे.' हे दोन्हीकडं नीट लिहिलेलं असेल तर फोनची पट्टी आणि स्पीकरचा आवाज एकच होतात. अ‍ॅम्प्लिफायर मालक होतो, फोन गाणं पूर्ण जोरानं पाठवतो आणि आवाज कमी-जास्त करायचं काम स्पीकरवर सोपवतो.

नीट लिहिलेलं नसेल तर वरच्या तिन्ही तक्रारी इथूनच उगवतात. स्वस्तातल्या काही स्पीकरांत 'मला अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम कळतो' असं सांगितलेलं असतं, पण आलेल्या आकड्याचं ते धड काही करत नाहीत.

आधी तपासा, मग सेटिंग्जना हात लावा

कुणीतरी एका सुरात बोलत असलेलं रेकॉर्डिंग लावा. कीर्तन किंवा प्रवचन चालेल. गाणं नको, कारण त्यात आवाज मुळातच वर-खाली होत असतो आणि कान फसतो. आधी अ‍ॅपची स्वतःची पट्टी असेल तर ती पूर्ण वर करून विसरून जा. आता फोन हातात धरून स्पीकरवरचं बटण दाबा आणि स्क्रीनकडं बघा.

फोनची पट्टी स्पीकरच्या बटणाबरोबर हलली, तर अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम चालू आहे आणि दोघांचं बोलणं होतंय. पट्टी हलली नाही पण आवाज बदलला, तर दोन स्वतंत्र मालक आहेत. पट्टी हलली पण आवाज बदलला नाही, किंवा हलून मागं आली, तर दोघांचं बोलणं चालू आहे पण हिशोब चुकतोय. मग फोनचं बटण दाबून हेच पुन्हा बघा. एवढ्या तपासणीनं पुढचा रस्ता ठरतो आणि उगाच सगळी सेटिंग्ज बदलत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. बऱ्याच स्पीकरांवर एकाच बटणाचे दोन उपयोग असतात: आखूड दाबलं की आवाज, लांब दाबलं की पुढचं-मागचं गाणं; काहींत याच्या उलट. 'बटण दाबलं की गाणंच बदलतं' ही तक्रार या दुहेरी कामामुळं येते आणि तिच्यावर फोनमध्ये इलाज नाही. आपल्या स्पीकरवर आवाजासाठी कसं दाबायचं ते ओळखून तशी सवय लावणं हाच उपाय.

अँड्रॉइड फोनवर

दोन स्वतंत्र मालक असतील तर त्यांना तसंच राहू द्यायलाही हरकत नाही, फक्त कामं वाटून द्या. फोनचा मीडिया व्हॉल्यूम वरून एक-दोन पायऱ्या खाली ठेवा आणि रोजचं कमी-जास्त स्पीकरच्या बटणानं करा. उलट केलंत, म्हणजे फोन अगदी खाली आणि स्पीकर पूर्ण वर, तर आधी बारीक झालेला आवाज अ‍ॅम्प्लिफायर ताणून मोठा करतो आणि त्याबरोबर स्पीकरची स्वतःची सुंईऽऽ सुद्धा मोठी होते. प्रवचन चालू असताना मागं खरखर येते ती बऱ्याचदा याचमुळं.

हिशोब चुकत असेल तर अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करून बघायचा. सॅमसंगसारख्या काही फोनांत ब्लूटूथच्या जादा सेटिंग्जमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम सिंक' नावाचं बटण असतं, ते आधी बंद करून बघा. ते नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन' मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' वर सात वेळा टिचकी मारा. फोनचा लॉक विचारला जाईल तो द्या. मग 'सिस्टीम' मध्ये डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात. तिथं खाली ब्लूटूथच्या गटात 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' हे चालू करा. नावात 'डिसेबल' आहे, म्हणजे हे बटण चालू केलं की ती सोय बंद होते. इथं बरेच जण उलटं करून बसतात. त्यानंतर ब्लूटूथ बंद-चालू करा, नाहीतर फोन रिस्टार्ट करा. बदल नव्या जोडणीलाच लागू होतो.

आपल्याकडं अनेकांचे फोन कन्नडमध्ये लावलेले असतात आणि तिथं 'डेवलपर आय्केगळु' असं दिसेल. बाकीची लांबलचक नावं शोधताना गोंधळ होत असेल तर सेटिंग्जची भाषा तेवढ्यापुरती इंग्रजी किंवा मराठी करा, काम झालं की परत कन्नड. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

सोय बंद केल्याचा एक तोटा आहे, तो आधी माहीत असलेला बरा. लाइट गेली आणि प्लगवर चालणारा स्पीकर बंद पडला, तर परत आल्यावर तो स्वतःच्या ठरलेल्या आवाजावर सुरू होतो. अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम चालू असताना जोडणी होताच फोन पुन्हा आकडा पाठवतो आणि आवाज जागेवर येतो. बंद असताना तसं होत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते पाहता, दोघांचं बोलणं नीट होत असेल तर ही सोय चालूच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

फोन कॉलचा आवाज वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. कॉल ज्या वाटेनं जातो तिला एचएफपी म्हणतात आणि तिथला आवाज ० ते १५ असा मोजला जातो. गाण्याचा आवाज कितीही वाढवला तरी कॉलवर बारीकच ऐकू येणार. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच बटणानं बदलायचा. अँड्रॉइड ९ पासून काही वाजत नसतानाही बटण मीडियाचाच आवाज बदलतं. त्याआधीच्या फोनांत ते रिंग बदलायचं, म्हणून जुना फोन वापरणाऱ्यांची रिंग नकळत बंद होऊन बसते.

सप्ताहात किंवा मंडपात स्पीकरला जोडायचा फोन शक्यतो जुना, सिम काढलेला ठेवा. नाहीतर एअरप्लेन मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू करा. पारायणाच्या मध्येच कुणाचा कॉल आला तर फोन गाण्याच्या वाटेवरून कॉलच्या वाटेवर जातो, आवाजाचा आकडा बदलतो आणि परत येताना घोळ होतो. स्पीकरची पट्टी कुठं ठेवायची हे एकाच माणसाच्या हाती द्या. आणि आवाजाचा नियम पाळायचाच आहे: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चार घरं सोडून कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.

आयफोन, विंडोज, लिनक्स

आयफोनमध्ये अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करायचं बटणच नाही. स्पीकरशी जमत नसेल तर जोडणी विसरायला लावून नव्यानं जोडणं एवढंच हातात राहतं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम आला. तो बंद करायला रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, ब्लूटूथच्या एव्हीआरसीपी विभागात 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' ही किंमत १ करावी लागते. रजिस्ट्रीची सवय नसेल तर जाणकाराला शेजारी बसवूनच करा. लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ या प्रणालीत १५ व्या आवृत्तीपासून ही सोय आहे, तसंच काम करणाऱ्या पाइपवायरमध्येही आहे.

अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी: बटण कुणाचं आहे

अँड्रॉइडवर व्हॉल्यूम वाढवायच्या बटणाचा कोड २४, कमी करायच्या बटणाचा २५, म्यूटचा १६४. हे कोड पकडायचे आणि आपण हवं ते करायचं, असा मोह नव्यानं लिहिणाऱ्याला होतो. आवाज याच फोनवर किंवा त्याला जोडलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर वाजत असेल तर हे करू नका. अ‍ॅपचा आवाज मीडिया स्ट्रीमचा आहे एवढं सिस्टीमला सांगा आणि बाजूला व्हा. कारणं पक्की आहेत. स्क्रीनवर तुमचं अ‍ॅप नसेल तेव्हा हे कोड तुमच्याकडं येतच नाहीत, म्हणजे फोन खिशात गेला की बटण वेगळं वागणार. दृष्टिहीन माणसं दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र धरून टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू-बंद करतात. तुम्ही बटण गिळलंत तर त्यांची वाट अडते. आणि अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम चालू असताना स्पीकरवरचं बटण तुमच्यापर्यंत बटण म्हणून येतच नाही, 'आवाज बदलला' एवढी बातमी येते. नुसत्या बटणांवर कान ठेवलेलं अ‍ॅप हा बदल चुकवणार. त्यामुळं ऐकायची ती आवाज बदलल्याची सूचना.

आयफोनवर तर प्रश्नच मिटतो. व्हॉल्यूमच्या बटणाचं ठरलेलं काम बदलणारी किंवा बंद करणारी अ‍ॅपं अ‍ॅपल नाकारतं, तसा लेखी नियमच आहे.

चित्र बदलतं ते आवाज फोनवर नसतो तेव्हा. समजा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वायफायवरून हॉलमधल्या स्पीकरला आवाज देतोय आणि तुमचा फोन फक्त रिमोट आहे. तिथं फोनचा मीडिया व्हॉल्यूम बदलून काहीच होणार नाही. अँड्रॉइड ५ पासून यासाठी रीतसर दार आहे: मीडिया सेशन (काय वाजतंय ते सिस्टीमला कळवणारा दुवा) तयार करायचं, ते रिमोट प्लेबॅकवर लावायचं आणि त्याला व्हॉल्यूम प्रोव्हायडर (बटणाचे दाब घेणारा तुमचा कोड) द्यायचा. मग स्क्रीन लॉक असली तरी बटण तुमच्याकडं येतं आणि आवाजाची पट्टीही सिस्टीमचीच दिसते. प्रोव्हायडर तीन प्रकारचा असतो. समोरच्या यंत्राला नेमका आकडा कळत असेल तर अ‍ॅब्सोल्यूट, फक्त 'वाढव-कमी कर' कळत असेल तर रिलेटिव्ह, आवाज बदलताच येत नसेल तर फिक्स्ड. रिलेटिव्ह यंत्राला अ‍ॅब्सोल्यूट दाखवू नका. वापरणाऱ्यासमोर पट्टी येते, तो ती ओढतो आणि काहीच होत नाही.

पट्टी उलटी का चढते

आता त्या तिसऱ्या तक्रारीचा उलगडा. समजा फोनवर १५ पायऱ्या आहेत, अँड्रॉइडची मूळ संख्या तीच. स्पीकरच्या आत मात्र १० च पायऱ्या. फोन ८ वर आहे, वापरणाऱ्यानं कमीचं बटण दाबलं, फोन ७ वर आला. ७ ला १२७ नं गुणून १५ नं भागलं की येतात ५९. स्पीकरला ५९ मिळाले, त्याच्या १० पायऱ्यांत ते ४.६५, म्हणजे जवळची पायरी ५. तो प्रामाणिकपणे कळवतो, 'मी ५ वर आहे, म्हणजे ६४.' फोन ६४ ला आपल्या १५ पायऱ्यांत बसवतो, ७.५६ येतात, म्हणजे ८. पट्टी परत ८ वर. वापरणारा पुन्हा दाबतो, पुन्हा ७, पुन्हा ८. या ठिकाणाहून आवाज कधीच खाली जात नाही. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी बटण मेल्यासारखं.

उपाय सोपा आहे पण तो लिहावा लागतो: ब्लूटूथवर तो फोनच्या सिस्टीमचं काम, वायफायवरचा स्वतःचा रिमोट असेल तर तुमचं. आपण पाठवलेला शेवटचा आकडा लक्षात ठेवा. समोरून आलेला आकडा त्याच्यापासून समोरच्याच्या अर्ध्या पायरीपेक्षा कमी अंतरावर असेल तर ती फक्त पोच समजा, पट्टी हलवू नका. वरच्या उदाहरणात स्पीकरची अर्धी पायरी सुमारे ६.३ आणि फरक ५ चा, म्हणून दुर्लक्ष. वापरणाऱ्यानं खरंच स्पीकरचं बटण दाबलं तर तो ६ वर, म्हणजे ७६ वर जाईल. फरक १७, तेव्हा पट्टी हलवा. समोरच्याच्या पायऱ्या किती हे आधी माहीत नसतं, पण तो कोणकोणते आकडे परत पाठवतो ते थोडा वेळ बघितलं की अंदाज येतो. आणि समोरून आलेल्या आकड्यामुळं पट्टी हलवलीत, तर त्या हालचालीमुळं नवा हुकूम परत पाठवू नका. बदल कुणी केला, वापरणाऱ्यानं की समोरच्यानं, याची खूण प्रत्येक बदलाबरोबर ठेवली तर हे चक्र सुरूच होत नाही.

ब्लूटूथच्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत हा विचार मुळातच केलेला आहे. तिथं आवाज ० ते २५५ असतो आणि त्याच्याबरोबर बदलांचा एक मोजणी-आकडा असतो. हुकूम पाठवताना तुम्हाला माहीत असलेला मोजणी-आकडा जोडावा लागतो. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी आवाज बदलला असेल तर तो जुळत नाही आणि हुकूम नाकारला जातो. आधी ताजी स्थिती वाचायची, मग पुन्हा सांगायचं. दोन फोन एकाच स्पीकरला जोडलेले असतात तिथं याची किंमत कळते. तुमचा स्वतःचा वायफाय प्रोटोकॉल असेल तर त्यातही असा आकडा घाला.

दाब, लांब दाब, कानाचा हिशोब

बटण धरून ठेवलं की सिस्टीम तोच दाब पुन्हापुन्हा पाठवते. प्रत्येकाला एक हुकूम धाडलात तर रांग लागते, बोट उचललं तरी आवाज चढत राहतो. वापरणारा घाबरून उलट बटण दाबतो आणि मग तीही रांग. म्हणून मधले हुकूम गाळा. एक हुकूम गेला की त्याची पोच येईपर्यंत थांबा, मधल्या काळात फक्त शेवटचा आकडा हाताशी ठेवा, पोच आली की तोच पाठवा. पट्टी मात्र ताबडतोब हलू द्या. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला मुळातच सेकंदाचा काही भाग उशीर होतो. डोळ्याला लगेच उत्तर मिळालं तर बोट थांबतं.

आवाज तुम्हीच सॉफ्टवेअरमध्ये कमी करत असाल तर पायऱ्या सरळ भागाकारानं पाडू नका. आवाजाच्या लहरीची उंची निम्मी केली तर सुमारे ६ डेसिबल कमी होतात, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. सरळ भागाकार केला की वरच्या पायऱ्यांत काही फरकच कळत नाही आणि खालच्या दोन-तीन पायऱ्यांत उड्या बसतात. प्रत्येक पायरीला ठरावीक डेसिबल द्या; १५ पायऱ्यांना ३ डेसिबल हा सुरुवातीला चांगला आकडा, आणि ० ला पूर्ण शांतता. एका पायरीवरून दुसरीवर जाताना २० ते ५० मिलिसेकंदांत सरकत जा, नाहीतर प्रत्येक दाबाला टिक ऐकू येते. अ‍ॅपलच्या एअरप्ले या वायफायवरून आवाज पाठवायच्या पद्धतीत व्हॉल्यूम मुळात डेसिबलमध्येच पाठवतात, ० ते उणे ३०, आणि म्यूटसाठी उणे १४४ हा वेगळा आकडा. तिथं पुन्हा स्वतःचं पायरी-ते-डेसिबल गणित लावलं तर हिशोब दोनदा होतो.

म्यूट म्हणजे आवाज शून्य करणं असं लिहू नका. आवाजाचा आकडा जागेवर ठेवून म्यूटची खूण वेगळी ठेवा, आणि म्यूट असताना कुणी वाढवायचं बटण दाबलं तर म्यूट काढा. नवी जोडणी झाल्यावर मागचा आकडा जसाच्या तसा लावू नका, विशेषतः हेडफोनला. काल पावसात पूर्ण वर नेलेला आवाज आज शांत खोलीत नातवाच्या कानात गेला तर इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ आहे; दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. जोडणीच्या वेळी मध्यावर एक कमाल मर्यादा घाला, वर न्यायचं ते वापरणारा स्वतः नेईल.

तपासताना

एकाच चांगल्या स्पीकरवर तपासून थांबू नका. बेळगावच्या खडेबाजारात मिळणारा स्वस्त स्पीकर, एखादा जुना कार स्टीरिओ आणि गळ्यातला नेकबँड, तिन्ही लावून बघा. प्रत्येकावर ० पासून शेवटापर्यंत एकेक पायरी चढा आणि तशीच उतरा; अडकणारी पायरी उतरताना सापडते. मग स्पीकरचं आणि फोनचं बटण एकाच वेळी दाबा. गाणं चालू असताना कॉल घ्या, तो ठेवल्यावर आकडा जागेवर येतो का बघा. स्पीकरचा प्लग काढून परत लावा.

तरीही दोष कुणाचा ते कळत नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ब्लूटूथ एचसीआय स्नूप लॉग' (ब्लूटूथवरच्या सगळ्या बोलण्याची नोंद) चालू करा, ब्लूटूथ बंद-चालू करा, बिघाड पुन्हा घडवा आणि बग रिपोर्टमधून ती फाइल काढून वायरशार्क या अशा नोंदी वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. एव्हीआरसीपीची गाळणी लावली की फोननं पाठवलेले आकडे आणि स्पीकरनं परत केलेले आकडे वेळेसकट एकाखाली एक दिसतात. ५९ गेला, ६४ आला आणि पट्टी मागं चढली, तर पोच ओळखायचा भाग फोनच्या सिस्टीममध्ये राहिलाय; तो तुमच्या अ‍ॅपमधून दुरुस्त होत नाही. ५९ गेला, ५९ च परत आला आणि कानाला काहीच फरक पडला नाही, तर दोष स्पीकरच्या आत आहे. दोन्हींत तो स्पीकर वापरताना फोनवर अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा.